बारापेडेच्या गुहेतील गोतावळा

खानापूर तालुक्याच्या पश्चिम कडेला सह्याद्री पाण्याची वाटणी करतो. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेची वाट धरते आणि कृष्णेच्या संगतीने बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगररांगांतून निघणारी म्हादई पश्चिमेकडे उतरते, गोव्यात मांडवी म्हणून ओळखली जाते आणि पणजीपाशी अरबी समुद्रात शिरते. बेळगावकर मंडळींना हा मुलूख परका नाही. चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला सोयरिकी जुळल्या, जांबोटीच्या बाजूने वर्षासहली झाल्या, भीमगडाचे नाव शिवकाळाशी जोडून वडीलधाऱ्यांनी मुलांना ऐकविले. परंतु या डोंगरांत अशी एक जागा आहे की तिची कीर्ती शंभर वर्षांपूर्वी लंडनच्या प्राणिशास्त्रज्ञांपर्यंत पोहोचली, आणि आपल्या घरांत मात्र तिचा उल्लेख क्वचितच होतो. ती जागा म्हणजे तळेवाडीजवळची बारापेडे गुहा.

या गुहेत देव नाही, लेणे नाही, शिलालेखही नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील डोंगरातली, दाट जंगलाने वेढलेली ही एक नैसर्गिक पोकळी. तिचे महत्त्व तिच्या रहिवाशांमुळे आहे.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांच्या पाहणीचे मोठे काम हाती घेतले. गावोगावचे उंदीर, खारी, वटवाघळे गोळा करून त्यांचा अभ्यास करावयाचा, अशी ती योजना होती. त्या पाहणीत या गुहेतून एक वटवाघूळ हाती लागले, जे पूर्वी कोणाच्याच पाहण्यात आले नव्हते. ब्रिटिश म्युझियमचे ओल्डफील्ड टॉमस यांनी १९१३ साली त्याचे वर्णन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पाहणीच्या साहित्यावर परिश्रम घेणारे निवृत्त वनाधिकारी रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांच्या सन्मानार्थ त्याला रॉटनचे नाव देण्यात आले. त्या लेखाच्या मथळ्यात वटवाघळाचा प्रदेश ‘दक्षिण मुंबई’ असा दिला होता. हे मुंबई शहर नव्हे. बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता, त्या इलाख्याचा हा दक्षिण भाग. पुढे १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. नकाशावरच्या रेघा बदलल्या. गुहेतील कुटुंब मात्र जुन्याच पत्त्यावर राहिले.

आणि तो पत्ताही एकच. १९१३ पासून २००० सालापर्यंत, म्हणजे तब्बल ८७ वर्षे, साऱ्या जगात हे वटवाघूळ केवळ या एका गुहेतून ठाऊक होते. २००० साली त्यातले एक दूर कंबोडियात सापडले आणि त्यानंतर मेघालयातील गुहांतूनही त्याच्या नोंदी झाल्या. तेव्हा ते पूर्वी वाटले तितके एकाकी नाही, हे खरे. पण त्या ८७ वर्षांत एखाद्या वणव्याने, सुरुंगाने अथवा नुसत्या उत्साही शिकाऱ्यांच्या टोळीने ही गुहा उजाड केली असती, तर एका प्राण्याची जगाशी असलेली सारी ओळखच तिथे संपली असती.

प्राणीही देखणा आहे. वटवाघूळ म्हटले की आपण नाक मुरडतो, म्हणून हे मुद्दाम सांगावयाचे. पाठीची लव गडद तपकिरी व तकतकीत, मानेमागे फिकट राखी रंगाचा पट्टा, आणि अंगाच्या दोन्ही कडांना शेल्याच्या काठासारखी बारीक पांढरी किनार. कान मोठे, पुढे झुकलेले आणि नाकाच्या वर एकमेकांना जोडलेले. बहुतेक वटवाघळांची शेपटी पातळ पडद्यात गुंतलेली असते. याच्या शेपटीचा पुढचा भाग पडद्याबाहेर मोकळा असतो, म्हणून याला मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ म्हणतात. पंख लांब व अरुंद. पाकोळी जशी आकाशात सरळ कापत जाते, तसे हे उंचावरून वेगाने उडते व उडता उडताच किडे पकडते. दिवसा गुहेच्या छतातील भेगांत आणि पोकळ्यांत लहान लहान गटांनी अंग चोरून बसते.

मार्गशीर्षातील एका दिवशी आम्ही काही मंडळी वनखात्याची परवानगी घेऊन त्या बाजूला गेलो. बेळगावहून खानापूर, तिथून हेमाडग्याचा रस्ता आणि पुढे रान. हा सारा भाग डिसेंबर २०११ पासून भीमगड अभयारण्यात आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. पावसाळा सरून दीड-दोन महिने झाले होते, तरी ओढ्यांना पाणी होते आणि सावलीतल्या वाटेवर दगड शेवाळलेले होते. अस्वलाची उकरण एके ठिकाणी दिसली. आमच्या सोबत वनखात्याचा एक रक्षक आणि वाट दाखविण्यास त्याच भागातील एक वृद्ध गृहस्थ होते. आमच्यातील एका तरुणाने उत्साहाने विचारले, “बाबा, आत किती लांबवर जाता येतं?”

बाबा हसले. म्हणाले, “जाता येतंय की. पर जायाचं कशाला ओ? दिवसभर निजल्यात ती बिचारी. आपल्या घरात कोण मध्यान रातीला बत्त्या घेऊन शिरलं तर आपल्याला चालंल काय?”

आम्ही आत गेलो नाही. गुहेच्या तोंडापासून बऱ्याच अंतरावर, झाडांच्या आडोशाला बत्त्या विझवून बसलो. सूर्य मावळला, पाखरांचा गलबला थांबला, रातकिड्यांनी सूर धरला. मग अंधुक उजेडात काही काळे ठिपके खडकाच्या बाजूने सुटले. एक, दोन, पाच. मग मोजणे सोडून द्यावे लागले. काही झाडांच्या शेंड्यांलगत घिरट्या घालून गेली, काही पाहता पाहता उंच होऊन दिसेनाशी झाली. बहुतेक वटवाघळांचा आवाज माणसाच्या कानाच्या पट्टीपलीकडला असतो. या मोकळ्या शेपटीच्या जातीचा आवाज मात्र खालच्या पट्टीतला, म्हणून त्याचा काही अंश माणसालाही ऐकू येऊ शकतो. आमच्यातील तरुण कानांच्या दोघांना उंचावरून येणारी बारीक टिकटिक ऐकू आली. पन्नाशी ओलांडलेल्या आम्हा मंडळींना काहीही ऐकू आले नाही.

वटवाघळे अंधारात वाट कशी शोधतात, हे कोडे फार जुने. इटलीच्या स्पालान्झानी यांनी १७९३ च्या सुमारास दाखविले की डोळे गेलेले वटवाघूळही अडथळे चुकवून उडते. पुढे दीडशे वर्षांनी, १९३८ साली, अमेरिकेतील डोनाल्ड ग्रिफिन यांना त्यांचा मानवी कानाला न ऐकू येणारा आवाज यंत्राने पकडता आला. वटवाघूळ ओरडते, आवाज किड्यावर आदळून परततो आणि त्या प्रतिध्वनीवरून ते किड्याचा ठावठिकाणा ओळखते. रानावर पसरलेल्या रात्रीतून पतंग, भुंगेरे आणि इतर उडते किडे टिपून पहाटे ते गुहेत परतते. इथपर्यंतची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. परंतु खरी गोष्ट वटवाघूळ घरी परतल्यावर सुरू होते.

गुहा हे एक विलक्षण घर आहे. तोंडाशी उजेड असतो, तिथे नेचे, शेवाळे उगवतात. थोडे आत गेले की संधिप्रकाशाचा पट्टा लागतो. हिरवळ विरळ होत नाहीशी होते. त्याच्या पलीकडे कायमचा अंधार. पृथ्वीवरील बहुतेक सारे जीवन हिरव्या पानावर उभे आहे: पान सूर्याच्या उजेडात अन्न शिजविते, ते किडा खातो, किड्याला पाखरू. गुहेच्या अंधाऱ्या भागात पानच नाही. म्हणजे चूल नाही, शेत नाही, कोठार नाही. जे काही खावयाचे ते बाहेरून यावे लागते. आणि तरीही अशा गुहांत शेकडो तऱ्हांचे जीव नांदतात.

याचा पद्धतशीर अभ्यास आपल्या देशात प्रथम झाला तो मेघालयातील गारो टेकड्यांच्या सिजू गुहेत. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे स्टॅन्ली केंप आणि बी. एन. चोप्रा यांनी १९२२ साली ती गुहा धुंडाळली आणि तिथे आढळलेल्या शंभरावर प्रकारच्या प्राण्यांचा वृत्तांत १९२४ साली प्रसिद्ध झाला. अशा प्राण्यांचे तीन वर्ग करण्याची जी पद्धत आहे, ती रुमानियाचे एमिल राकोव्हित्सा यांच्या १९०७ सालच्या प्रबंधाने रूढ झाली. आपल्या घरगुती भाषेत सांगावयाचे तर पहिला वर्ग पाहुण्यांचा: वटवाघूळ, साळिंदर, अस्वल. हे निवाऱ्यास येतात, पोटासाठी बाहेर जातात. दुसरा वर्ग भाडेकरूंचा: काही रातकिडे, कोळी, झुरळे. हे गुहेत जन्म काढू शकतात आणि बाहेरही त्यांचे भागते. तिसरा वर्ग घरच्यांचा: पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहिल्याने यांचे डोळे क्षीण किंवा नाहीसे झालेले, रंग फिका पडलेला, पाय व मिशा लांब झालेल्या. गुहेबाहेरचे ऊन आणि कोरडा वारा यांना मानवत नाही.

गंमत अशी की या घरात पाहुणेच घर चालवितात.

वटवाघळांच्या वस्तीखाली जमिनीवर त्यांच्या लेंड्यांचा थर साचतो. हाताळण्याजोगी वस्तू ती नव्हे, पण भिंगाखाली पाहिली तर ती किड्यांच्या पंखांच्या, पायांच्या, कवचांच्या चकचकीत तुकड्यांनी भरलेली दिसते. काल रात्री रानात उडणारा पतंग आज गुहेच्या जमिनीवर खत होऊन पडलेला असतो. या मालाचे प्रमाण किती, याचा साधा हिशेब मांडून पाहू. किडे खाणारे वटवाघूळ एका रात्रीत आपल्या वजनाच्या पाव ते निम्मे, आणि पिलाला पाजणारी मादी त्याहूनही अधिक, अन्न खाते. दहा ग्रॅम वजनाचे वटवाघूळ रात्रीला चार ग्रॅम किडे खाते, असे धरले. अशी शंभर वटवाघळे असली आणि वर्षातील २५० रात्री ती बाहेर पडली, तर १०० किलो, म्हणजे पुरता एक क्विंटल किडे झाले. त्यातला जो भाग अंगी लागत नाही, तो गुहेच्या वाट्याला येतो. पानोपानी, पिकापिकावर विखुरलेले कण गोळा करून एका खोलीत आणून टाकणारे दुसरे कोणते वाहन निसर्गात असेल?

या ढिगावर पहिली पंगत बसते ती जिवाणूंची आणि बुरशीची. त्या बुरशीवर सुईच्या अग्राएवढे किडे चरतात: गोचिडीच्या गोतातले बारीक जीव आणि शेपटीखालच्या चिमट्याने टुणकन उडी मारणारे, पंख नसलेले इवले जीव. नुसती लेंडी खाणारेही पुष्कळ. आपल्या कपाटातील लोकरीला लागणारी जी कसर, तिच्या भाऊबंदांच्या अळ्या गुहेत किड्यांची कवचे व वटवाघळांचे केस पचवितात. काळसर भुंगेरे, झुरळे, माश्यांच्या अळ्या याच पंगतीला असतात. ताज्या लेंडीत अमोनियाचा दर्प व ओल असते, जुनी कोरडी व आंबट होते; त्यामुळे ताज्या ढिगावर जे किडे सापडतात ते जुन्यावर सापडत नाहीत. हातभर अंतरावर निराळी वस्ती, आपल्या गल्ल्यांसारखी.

दुसरी पंगत शिकाऱ्यांची. नांगीविना विंचवासारखा दिसणारा, तांदळाच्या दाण्याहून लहान जीव बारीक किडे चिमट्यात धरतो. जुन्या पुस्तकांच्या पानांतही त्याचे भाऊबंद कधी कधी आढळतात. भिंतीवर कोळी जाळी विणतात. पंधरा जोड्या लांब पायांची गोम वाऱ्यासारखी धावते. आणि सह्याद्रीतील अनेक गुहांत दिसणारा एक जीव तर पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणतो: चपटा, खेकड्यासारखा तिरपा चालणारा, पुढचे दोन पाय चाबकाच्या दोरीसारखे लांबच लांब. हा कोळ्याचा चुलत भाऊ. त्याला विष नाही, तो माणसाला काही करीत नाही. त्या चाबकांनी तो अंधार चाचपतो आणि रातकिडा किंवा झुरळ हाती लागले की काटेरी हातांनी मिठी मारतो.

त्याच्या वर पाल, बेडूक, चिचुंद्री. आणि वटवाघूळ स्वतः तरी या साखळीतून सुटले आहे काय? मुळीच नाही. गुहेच्या तोंडाशी संध्याकाळी घुबड टपून असते. साप खडकाच्या खाचेत दबा धरतो. वटवाघळांतच एक मोठ्या कानांची मांसाहारी जात आहे. ती बेडूक, उंदीर आणि प्रसंगी लहान वटवाघळेही खाते. वटवाघळाच्या लवेत कोळ्यासारखी दिसणारी एक बिनपंखी माशी आयुष्य काढते व त्याच्या रक्तावर जगते. यजमान नसेल तर ती जगूच शकत नाही. छतावरून एखादे पिलू निसटून खाली पडले, तर भुंगेरे आणि झुरळे थोड्याच अवधीत त्याची हाडे स्वच्छ करतात. वाचायला हे क्रूर वाटेल. परंतु या घरात काहीही वाया जाऊ दिले जात नाही, आणि त्याचे कारण दारिद्र्य आहे. जिथे कमाई थोडी आणि तीही परक्याच्या हातून येणारी, तिथे ताटात काही टाकून चालत नाही.

वटवाघळांखेरीज अन्न येण्याच्या आणखी दोन-तीन वाटा आहेत. पावसाळ्यात पाण्याबरोबर पालापाचोळा आत येतो. छताच्या भेगांतून वरच्या झाडांची मुळे खाली लोंबतात व त्यांच्यावर काही किडे पोसतात. रातकिडे रात्री तोंडापाशी येऊन चरतात व परततात. जिथे फळे खाणारी वटवाघळे राहतात, त्या गुहांत बिया पडून अंधारातच रुजतात. बोटभर उंचीची पांढुरकी रोपे उजेडाच्या आशेने वर येतात आणि बीतील शिधा संपताच कोलमडतात. तीही किड्यांच्या उपयोगी पडतात. परंतु डोंगरावरच्या लहान गुहेत या वाटा अरुंदच. खाली दरीतल्या लांबलचक गुहेतून ओढा वाहत असतो, तो अन्न वाहून आणतो. उंचावरील लहान गुहेला असा ओढा क्वचितच लाभतो. तिची भिस्त पंखांवर.

शिवाय अशी गुहा म्हणजे समुद्रातले बेट. शेजारची गुहा पाच-दहा किलोमीटरवर असली, तरी मधले ऊन आणि वारा आंधळ्या, फिकट, ओलाव्यात वाढलेल्या किड्याला ओलांडता येत नाहीत. वटवाघूळ त्रासले तर उडून दुसरा आसरा शोधील. त्याच्या अन्नावर जगणारी ही बाकीची प्रजा मात्र जागच्या जागी राहील. लेंड्यांचा ताजा थर पडणे थांबते, जुना थर कोरडा होतो, बुरशी संपते, बुरशीवरचे किडे विरळ होतात, त्यांच्यावरचे शिकारी उपाशी राहतात. वरून पाहणाऱ्याला गुहा तशीच दिसते. आतले गाव मात्र उठून गेलेले असते.

वटवाघळे गुहा सोडून जातात ती बहुतेक माणसामुळेच. मादीला वर्षाकाठी सामान्यतः एकच पिलू होते. सैबेरियातील सुमारे ७ ग्रॅम वजनाच्या एका वटवाघळाने रानात ४१ वर्षे काढल्याची नोंद आहे. म्हणजे हे जीव सावकाश वाढणारे व दीर्घायुषी. उंदरांप्रमाणे त्यांची संख्या लगेच भरून येत नाही. पिलांच्या दिवसांत कोणी मशाल, बत्ती अथवा धूर घेऊन आत शिरले, तर माद्या घाबरून उडतात, पिले खाली पडतात. एका दुपारचा गोंधळ कित्येक वर्षांची वाढ बुडवितो. याखेरीज खाणी आहेत, रस्ते आहेत, रात्रभर जळणारे दिवे आहेत, शेतावर फवारलेली विषे आहेत. गुहा राखली आणि भोवतालचे रान तोडले, तरी परिणाम तोच: किडे नाहीत तर वटवाघूळ नाही, वटवाघूळ नाही तर गुहेत चूल पेटत नाही.

माणूस गुहेत काय घेऊन जाईल याचा नेम नसतो, हे अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन जाणले. २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळे दिसली. ती बुरशी युरोपातील वटवाघळांना फारसा अपाय करीत नाही. माणसाच्या बुटांवर अथवा सामानावर बसून ती समुद्रापार गेली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. पुढील वर्षांत तिने लक्षावधी वटवाघळांचा बळी घेतला.

उलट बाजूची भीतीही आपल्या घरांत आहे आणि ती अगदीच निराधार नाही. २०१८ साली केरळात निपाहची साथ आली. २०२० साली करोनाच्या दिवसांत वटवाघळांवर सर्वत्र रोष ओढवला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत निपाहशी झगडलेल्या शरीराच्या खुणा आढळल्याचे २०२१ साली प्रसिद्ध केले. लेंड्यांच्या धुळीत वाढणाऱ्या एका बुरशीमुळे फुप्फुसाचा विकार होऊ शकतो, हेही खरे. परंतु या साऱ्याचा निष्कर्ष काय काढावयाचा? गुहा जाळा, धुरी द्या, वटवाघळे हुसकून लावा, असा काढला तर घाबरलेली, विखुरलेली वटवाघळे वस्त्यांजवळ येतील आणि धोका वाढेल. त्यांनी त्यांच्या घरी राहावे, आपण आपल्या घरी राहावे, हा निष्कर्ष दोघांच्याही हिताचा आहे. आमच्या वाटाड्या बाबांनी विषाणूंचे नाव न घेता तोच सांगितला होता.

कायद्याची वाटचालही पाहण्यासारखी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, रॉटनच्या वटवाघळाला स्थान मिळाले. तो मान भारतातील अत्यल्प वटवाघळांना लाभला. त्याच कायद्यात फळे खाणारी वटवाघळे मात्र उंदीर व कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत दीर्घकाळ होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. कायद्याच्या पानांवर गुहेतील बुरशीचे, आंधळ्या किड्यांचे, लांब पायांच्या गोमेचे नाव नाही. त्याची गरजही नाही. एका वटवाघळाला आणि त्याच्या रानाला संरक्षण मिळाले, की त्याच्या मागे सारा गोतावळा आपोआप आश्रयाला येतो.

आता थोडे आपल्या पायाखालचे. आपण सीमेवरची मराठी मंडळी गडांवर प्रेम करणारी. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन गडावर जातो, तिथली भुयारे, कोठारे, टाक्यांच्या कपारी दाखवितो. तिथेही अशीच लहान लहान कुटुंबे असतात. मुले दगड मारतात, ओरडून प्रतिध्वनी ऐकतात, बत्तीचा झोत छतावर टाकतात, आणि मोठी माणसे कौतुकाने पाहतात. काही गुहांत देवस्थाने आहेत; तिथे श्रद्धेने सिमेंटची फरशी होते, दिव्यांच्या माळा लागतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या डोक्यावर निजणारी वटवाघळे बेघर होतात. देवाने त्यांना कधी हाकलले नव्हते. देवळाला पुढचा सभामंडप उजळून पुरतो. मागचा काळोख आहे तसा ठेवता येईल, यात पूजेला काही उणे पडत नाही.

म्हणून वाचकांना आमचे सांगणे एवढेच. बारापेडेच्या बाजूला जाण्याचा योग आला, तर अभयारण्याचे नियम पाळून जावे, रान पाहावे, म्हादईचे पाणी पाहावे. गुहेत शिरण्याचा हट्ट धरू नये. इतरत्र कोणत्याही गुहेच्या तोंडाशी संध्याकाळी दूरवर शांत बसावे आणि आतली मंडळी कामाला निघताना पाहावीत. मुलांना सांगावे की ही बाहेर पडणारी प्रत्येक सावली पहाटे आपल्या पोटातून रानाचा एक घास घरी आणणार आहे, आणि आत अंधारात तिची वाट पाहणारे शेकडो जीव आहेत ज्यांना आपण कधी पाहणार नाही. मुलांना हे कळते. दगड हातातून खाली ठेवलेली मुले आम्ही पाहिली आहेत.